ज्यांनी भरतपूरचं अभयारण्य वाचवलं, त्यांचाच एक सल्ला त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासात चुकीचा ठरला

राजस्थानातल्या भरतपूरला केवलादेवाचं एक जुनं मंदिर आहे. मंदिराच्या आवारात दगडावर एक यादी कोरलेली दिसते. कोणत्या तारखेला, कोणत्या पाहुण्याच्या मानात, किती बंदुकांनी किती पक्षी मारले, याचा तो हिशोब आहे.

त्यातला सगळ्यात मोठा आकडा आहे ४,२७३ पक्ष्यांचा. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि तारीख होती १२ नोव्हेंबर १९३८.

योगायोग बघा. त्याच दिवशी मुंबईच्या एका माणसाचा ४२ वा वाढदिवस होता. पुढे याच तळ्यांवर नांगर फिरण्याची वेळ आली, तेव्हा ती वाचवायला हाच माणूस उभा राहिला. नाव डॉ. सलीम अली, म्हणजेच भारताचे बर्डमॅन.

त्यांची बालपणीची चिमणीची गोष्ट बहुतेकांना माहिती असते. पण भरतपूरच्या म्हशींची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अभयारण्य म्हणजे नेमकं काय असतं, हे समजून घ्यायचं असेल तर या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

सुरुवात एका छऱ्याच्या बंदुकीपासून

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वडील ते एक वर्षाचे असताना गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना गिरगावजवळच्या खेतवाडीतल्या घरात सांभाळलं.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी छोट्या सलीमला छऱ्याची बंदूक दिली आणि भाच्याने चिमण्यांवर नेम धरायला सुरुवात केली. एक दिवस पडलेली चिमणी त्याने उचलून पाहिली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने आधी कधी पाहिली नव्हती. त्याने मामाला विचारलं. मामालाही सांगता येईना.

पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे म्हणजेच बीएनएचएसचे सदस्य होते. १८८३ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा प्रामुख्याने इंग्रज साहेबांची. मामांनी भाच्याला थेट संस्थेचे सेक्रेटरी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटं उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकंही दिली.

पुढे कित्येक दशकांनी सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावात ही चिमणी आलीच. द फॉल ऑफ अ स्पॅरो हे पुस्तक १९८५ मध्ये आलं.

डिग्री नाही म्हणून नोकरी नाही

इथून सगळं सरळ झालं असं वाटत असेल, तर तसं अजिबात झालं नाही.

कॉलेजचं शिक्षण अर्धवट सोडून ते १९१४ मध्ये ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा आजूबाजूच्या जंगलातच त्यांचा जीव जास्त रमला. मुंबईला परत आल्यावर ते कायदा आणि हिशोब शिकू लागले. सेंट झेवियर्समधले फादर ब्लाटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्राकडे वळवलं. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

सरकारच्या झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, पण हातात विद्यापीठाची मोठी पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत त्यांनी रजा घेतली आणि बर्लिन गाठलं. तिथे एर्विन श्ट्रेझमान या नामवंत पक्षीशास्त्रज्ञाकडे ते शिकले.

१९३० मध्ये परत आले, तर म्युझियमने पैशाअभावी ती जागाच रद्द केली होती.

हातात नोकरी नाही आणि मुंबईत राहणं परवडत नाही. नवरा-बायको समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराभोवती झाडं होती आणि झाडांवर सुगरणींची घरटी लटकत होती. बेकार माणसाकडे वेळच वेळ असतो. सलीम अली रोज तासन्‌तास ती घरटी बघत बसले.

त्या बघण्यातून एक भन्नाट गोष्ट समोर आली. घरटं विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो. मग मादी येते, घरट्याची पाहणी करते आणि पसंत पडलं तरच मुक्काम करते. त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. रायगडच्या किनाऱ्यावर, सरकारी पैसा आणि प्रयोगशाळा नसताना केलेल्या या अभ्यासाने त्यांचं नाव पक्षीशास्त्राच्या जगात पोहोचलं.

त्यांची पद्धत इथेच पक्की झाली. आधी नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि मगच मत बनवायचं. ही पद्धत लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

पगार नको, फक्त खर्च द्या

नोकरी नाही म्हटल्यावर त्यांनी एक अफलातून मार्ग काढला. तेव्हा देशात शेकडो संस्थानं होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पक्ष्यांची नीट नोंद झालेली नव्हती. संस्थानांनी फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च करायचा, पाहणी सलीम अली पगार न घेता करणार, असा हा व्यवहार होता.

हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, कच्छ अशी एकेक पाहणी होत गेली. तेहमिना यांनी जंगलातल्या मुक्कामांत त्यांना साथ दिली. पण १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्यांचं निधन झालं. सलीम अली कोलमडून गेले. बहीण आणि मेहुण्याच्या घराने त्यांना आधार दिला. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि पुढचं सगळं आयुष्य कामाला दिलं.

१९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. सामान्य माणसाला चित्र बघून पक्षी ओळखता येईल असं हे पुस्तक. त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. नेहरूंनी हे पुस्तक इंदिरा गांधींना भेट दिलं होतं. नंतर अमेरिकेच्या सिडनी डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अलींचं वय होतं ७७.

आता येऊया भरतपूरकडे

भरतपूरच्या या जागेला तिथले लोक घना म्हणतात, म्हणजे दाट झाडी. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पण या जागेबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, ती म्हणजे हे पाणथळ माणसाने घडवलेलं आहे.

मुळात हा सखल खोलगट भाग. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं. १८ व्या शतकात भरतपूरच्या राजाने जवळच अजान बांध घातला. नंतरच्या काळात संस्थानाने कालवे, छोटे बांध आणि दरवाजे करून बांधाचं पाणी या भागात खेळवलं. हेतू एकच होता, बदकांची शिकार. पाणी आलं तसे मासे आले, पाणवनस्पती आल्या आणि त्यांच्यामागे पक्षी आले. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून हजारो बदकं, हंस आणि क्रौंच इथे उतरू लागले.

स्वातंत्र्यानंतर मागणी पुढे आली की राजाच्या शिकारीची ही जागा कशाला हवी? पाणी काढून टाका, जमीन शेतीला द्या. देशात धान्याची टंचाई होती. त्यामुळे मागणी चुकीची होती असंही म्हणता येत नव्हतं.

सलीम अलींनी हा विषय थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला. तळी वाचली. १९५६ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झालं, तरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क काही वर्षं कायम राहिला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तोही प्रश्न मिटला. बीएनएचएसने इथे पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचं मोठं काम केलं.

१९८१ मध्ये भरतपूरचा समावेश जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान बनलं, तर १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कागदावर सगळं मस्त चाललं होतं.

म्हशी बाहेर, गवत आत

राष्ट्रीय उद्यान झालं की कायद्याने आत गुरं चारायला बंदी. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथेच चरत होत्या. या म्हशींमुळे पाणथळाचं नुकसान होतं, असं सलीम अली आणि बीएनएचएस यांचं मत होतं. त्यांनी चराईबंदीची बाजू घेतली होती. तेव्हा जगभरातल्या बहुतेक संवर्धनवाद्यांचा विचार असाच होता. निसर्ग वाचवायचा म्हणजे माणूस आणि गुरं बाहेर ठेवायची.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये बंदीची अंमलबजावणी झाली. गावकऱ्यांना चाऱ्याची दुसरी सोय नीट करून दिलेली नव्हती. विरोध पेटला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेच्या दारात माणसं मेली.

बंदी टिकली. मात्र पाण्यात वेगळंच काही घडायला लागलं.

बीएनएचएसने १९८० पासूनच इथे एक मोठा अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन त्याचं नेतृत्व करत होते. अभ्यास १० वर्षं चालला. त्यामुळे बंदीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची आठ वर्षं, दोन्हींची नोंद एकाच टीमकडे होती. विज्ञानात अशी संधी क्वचित मिळते.

नोंदी काय सांगत होत्या? म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचं गवत बेफाम वाढलं. हे गवत पाण्याच्या काठाला उगवतं आणि मग पाण्यावर चटईसारखं पसरत जातं. आधी म्हशी ते खायच्या, तुडवायच्या. आता त्याला रोखणारं कोणी नव्हतं.

गवत वाढलं म्हणून काय बिघडलं, असा प्रश्न पडू शकतो. बदकांना आणि हंसांना उतरायला, पोहायला, डुबकी मारायला मोकळं पाणी लागतं. ते आक्रसलं. पाणवनस्पतींचे कंद खाणाऱ्या पक्ष्यांना चिखलापर्यंत पोहोचणं अवघड झालं. माशांनाही याचा फटका बसला. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तेच गवत वाळायचं आणि वणव्याची भीती वाढायची. पक्ष्यांच्या भल्यासाठी घातलेली बंदी पक्ष्यांनाच नडत होती.

अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला. निष्कर्ष स्पष्ट होता. या पाणथळाच्या तब्येतीसाठी म्हशींचं चरणं उपयोगाचं होतं आणि सरसकट बंदीने नुकसान केलं. ज्या संस्थेने बंदीची बाजू घेतली होती, तिच्याच अभ्यासाने ती बाजू चुकीची ठरवली.

तो अहवाल वाचायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं होतं.

मग सलीम अलींना चुकीचं ठरवायचं का?

इतकं सोपं उत्तर नाही. ते नसते तर भरतपूरला चुकायलाही काही उरलं नसतं. तिथे आज शेतं असती. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरणाचा घाट घातला गेला, तेव्हाही विरोध करणाऱ्यांत ते होते. तो प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी बीएनएचएसला देऊन टाकली. पदवी नसलेल्या माणसाने देशाला पक्षीशास्त्र शिकवलं.

पण त्यांची चूकही खरी होती आणि तिची किंमत गावकऱ्यांनी मोजली. ही गोष्ट लपवून त्यांचं चरित्र सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं.

त्यांनी किहीमला सुगरणींसमोर जे केलं, तेच त्यांच्या संस्थेने भरतपूरला केलं. दहा वर्षं बसून बघितलं, लिहून ठेवलं आणि दिसलं ते सांगितलं, आपल्याच विरोधात जात असलं तरी. सलीम अलींचा सल्ला इथे हरला आणि त्यांची पद्धत जिंकली, असं म्हणता येईल.

भिंतीने पाणी अडत नाही

भरतपूरच्या उद्यानाला भिंत आहे. पण त्याचं नशीब भिंतीच्या बाहेर ठरतं.

इथलं बरंचसं पाणी गंभीर नदीचं. तिच्यावर वरच्या बाजूला करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. २००४ च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला. त्यांनाही पाणी हवंच होतं. उद्यानातली तळी कोरडी पडू लागली. नंतर दुसरीकडून, अगदी पाइपलाइनने पाणी आणायची वेळ आली. कोरड्या जमिनीवर वेडी बाभूळ माजली. ती उपटायला शेवटी आजूबाजूच्या गावकऱ्यांचीच मदत घेतली गेली. गवत कापून नेण्याची परवानगीही गावकऱ्यांना देण्यात आली. म्हशींचं काम आता विळ्याने होऊ लागलं.

सायबेरियन क्रौंचांची गोष्ट तर आणखी लांबची. १९६० च्या दशकात इथे हिवाळ्यात सुमारे २०० क्रौंच यायचे. शेवटची जोडी दिसली २००२ मध्ये. हजारो किलोमीटरच्या प्रवासात अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवर होणारी शिकार हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. भरतपूरने कितीही काळजी घेतली, तरी वाटेतली बंदूक त्याच्या हातात नव्हती.

निसर्गाची लवचीकता म्हणतात ती हीच. एखादी जागा दुष्काळ, पूर, गवताची वाढ असे धक्के सोसून पुन्हा उभी राहते, कारण तिथे अनेक जण आपापलं काम करत असतात. पाणी येतं-जातं, मासे अंडी घालतात, म्हशी गवत खातात, लोक चारा कापतात. यातला एखादा दुवा आपण नको म्हणून काढून टाकला, तर तो काय काम करत होता हे नंतर कळतं. भरतपूरसारख्या माणसाने घडवलेल्या जागेत तर माणूसही त्यातला एक दुवा असतो.

याचा अर्थ सगळीकडे गुरं सोडा, असा मात्र नाही. माळरान, डोंगरातलं जंगल, खाडी, प्रत्येक जागेचं गणित वेगळं. भरतपूरचं उत्तर भरतपूरपुरतं. ते शोधायची पद्धत मात्र सगळीकडे चालते.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची जयंती आणि १२ तारखेला सलीम अलींची. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या चोडण बेटावर, खारफुटीत, सलीम अलींच्या नावाचं छोटंसं पक्षी अभयारण्य आहे. मुंबईहून गोव्याला गाडीने निघालात तर पनवेलनंतर कर्नाळा लागतं. तिथे पक्षी अभयारण्याच्या मधूनच हायवे जातो. दोन्ही बाजूंना शहर वाढतंय.

कर्नाळ्याचा डोंगर असो की चोडणची खारफुटी, भोवतालचा परिसर झपाट्याने बदलतोय. या जागा टिकवायच्या तर नुसती पाटी आणि कुंपण पुरणार नाही. कोणता पक्षी कधी येतो, पाणी कुठून येतं, गवत कोण खातं, आसपासची माणसं कशावर जगतात, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवावी लागेल. आणि नोंदीने आपलंच मत खोटं ठरवलं, तर ते मान्यही करावं लागेल.

या नोव्हेंबरमध्ये दुर्बीण नसली तरी चालेल. घराजवळच्या तळ्यावर किंवा झाडाखाली अर्धा तास बसा, दिसेल ते तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. सलीम अलींनी किहीमला सुरुवात अशीच केली होती.